कारवानच्या वाट्याचं काळीज

कोल्हापुरात खुराक या शब्दाला वजन आहे. खुराक म्हणजे नुसतं जेवण नव्हे. ज्याच्याकडून ताकदीचं काम घ्यायचं त्याच्या पोटात मोजून, निगुतीनं आणि हात आखडता न घेता जे घालायचं, तो खुराक. तालमीतल्या पैलवानाला बदामाची थंडाई, तूप, अंडी. म्हशीच्या धारेखाली पेला धरून प्यायलेलं धारोष्ण दूध. ताजं, निरसं, जनावराच्या अंगची ऊब अजून न गेलेलं जे असेल ते अधिक बळ देतं, ही समजूत इथे पिढ्यान् पिढ्या मुरलेली आहे. त्यामुळे दारात कारवान जातीचा शिकारी कुत्रा बांधलेला माणूस कुत्र्याच्या खुराकाचा विचार करू लागला की तो कच्च्या मांसाकडे वळतो, यात नवल नाही. त्यात आता बाहेरच्या जगाची भर पडली आहे. इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने 1993 मध्ये कुत्र्याला कच्चं मांस आणि कच्ची हाडं घालण्याचा पुरस्कार करणारं पुस्तक लिहिलं, आणि तेव्हापासून हा विचार देशोदेशी पसरला. जुनी समजूत आणि नवा प्रचार असे दोन्ही एका बाजूला आले की हातातलं काळीज, म्हणजे जनावराचं यकृत, कच्चंच कुत्र्यापुढे पडतं. या सवयीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. शिकारी बांध्याच्या, पळणाऱ्या कुत्र्याला मांस हवं, हे खरं. ते कच्चं हवं, याला मात्र आधार सापडत नाही. आणि कच्चेपणाची किंमत बहुतेक वेळा कुत्रा मोजत नाही, ती घरातली माणसं मोजतात.

कोल्हापूरच्या मातीत हा मुद्दा समजून घ्यायला एक चांगलं उदाहरण आहे. या संस्थानात काळविटाच्या शिकारीसाठी पाळलेले चित्ते होते. राजर्षी शाहू महाराजांच्या शिकारीच्या आवडीचे किस्से आजही सांगितले जातात, आणि देशातले चित्ते मिळेनासे झाल्यावर कोल्हापूरने आफ्रिकेतून चित्ते आणवले होते. त्याच मुलखात सशामागे, हरणामागे सोडायचे ते कारवान. आज कर्नाटकात असलेल्या मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी याच वाणाला नाव मिळवून दिलं, म्हणून त्याला मुधोळ असंही म्हणतात. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट, अरुंद डोकं. दोन्ही जनावरं नजरेनं सावज धरणारी आणि थोड्या अंतरात जिवाच्या आकांताने पळणारी. लांबून पाहिलं तर एकाच साच्यातली वाटावीत. पण पोटाच्या आत ती दोन वेगळ्या जगांतली आहेत. चित्ता मांजराच्या कुळातला. मांजरकुळाला टॉरिन नावाचं द्रव्य पुरेसं स्वतः बनवता येत नाही, गाजरातल्या कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व करता येत नाही. हे सगळं दुसऱ्या जनावराच्या शरीरातूनच घ्यावं लागतं. कुत्र्याला ही दोन्ही कामं येतात. चित्त्यापुढे भाकरी टाकून काही उपयोग नाही. कुत्र्यानं मात्र हजारो वर्षं माणसाच्या चुलीपाशी बसून काढली आहेत, आणि त्या चुलीनं त्याचं शरीर बदललं आहे.

हा बदल आता मोजताही येतो. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक अ‍ॅक्सेल्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये लांडगा आणि कुत्रा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्ट पचवणारं अमायलेज हे पाचकद्रव्य स्वादुपिंडात तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत आढळल्या. पुढच्या अभ्यासांत आणखी बोलकी गोष्ट दिसली. बर्फातले हस्की आणि ऑस्ट्रेलियातले डिंगो, म्हणजे ज्यांच्या माणसांनी शेती केली नाही अशा कुत्र्यांत या प्रती कमी, आणि धान्य पिकवणाऱ्या समाजांतल्या कुत्र्यांत जास्त. ‘कुत्रा म्हणजे घरात आलेला लांडगा’ हा कच्च्या आहाराच्या बाजूचा सगळ्यात लाडका दावा आहे. वंशाच्या दृष्टीनं तो बरोबर आहे. पण वंश सांगून पचन सिद्ध होत नाही. शाळूच्या पट्ट्यात, भाकरीच्या तुकड्यावर पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या कुत्र्याला सोलापूरच्या माळावरच्या लांडग्याच्या मापानं मोजणं म्हणजे त्याच्या पूर्वजांचा अलीकडचा सगळा इतिहास पुसून टाकणं आहे.

तो इतिहास काय खात आला? कारवान पाळणारी माणसं बहुतेक धनगर, शेतकरी, पारध करणारे. रोज मांस त्यांच्याच ताटात नव्हतं, तर कुत्र्याच्या कुठून असणार? ज्वारीची नाहीतर मक्याची भाकरी, ती दुधात किंवा ताकात कुस्करलेली, कधी अंडं, आणि शिकार मिळाली तर सशाच्या आतड्या-काळजाचा वाटा. ‘पूर्वीचे कुत्रे कच्चंच खायचे आणि वाऱ्यासारखे पळायचे’ असं जे सांगितलं जातं त्यातलं कच्चं म्हणजे हा अधूनमधूनचा वाटा होता. ते रोजचं पोट नव्हतं, पळण्याबद्दल मिळालेलं बक्षीस होतं. आता तर शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही; 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससासुद्धा राखलेला आहे, आणि आजचा कारवान पळतो तो शर्यतीत, रानात मालकाच्या मोटारसायकलमागे, नाहीतर शेताच्या राखणीत. मात्र या जुन्या आहाराचा उदोउदो करण्याचंही कारण नाही. भाकरी-दुधावर कुत्रा जगतो, बांधा धरतो, पण उत्तम राहतोच असं नाही. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन फार कमी असतं, आणि ज्वारी पाण्यात शिजवली की तिचं प्रथिन पचायला आणखी जड होतं. जुन्या पालकांनी भाकरीबरोबर दूध-ताक घातलं, त्यामागे नकळत का होईना शहाणपण होतं, कारण ती उणीव दूधच भरून काढतं. पण वाढतं पिल्लू, गाभण किंवा पाजणारी कुत्री आणि रोज पळवला जाणारा नर यांना तेवढं पुरत नाही.

म्हणूनच अशा कुत्र्याला मांस सुरू केलं की महिना-दोन महिन्यांत फरक दिसतो. केस चकाकतात, मांड्या भरतात, विष्ठा कमी आणि घट्ट होते. हा अनुभव खोटा नाही. गडबड होते ती त्याचं श्रेय वाटताना. भाकरी-ताकावरून मांसावर आलेल्या कुत्र्यात एकाच वेळी दोन गोष्टी बदललेल्या असतात: मांस आलं आणि ते कच्चं आलं. फायदा पहिल्या गोष्टीचा, आणि नाव दुसरीचं. तेच मांस शिजवून घातलं असतं तर काय झालं असतं, ही तुलना कोणी करत नाही. शिजवल्यानं सत्त्व जातं, असा आक्षेप येतो. थोडं जातं, हे मान्य केलं पाहिजे. थायमिनसारखी काही जीवनसत्त्वं उष्णतेनं घटतात, टॉरिन आणि क्षार पाण्यात उतरतात. पण पाण्यात उतरलेलं सत्त्व पाण्यातच असतं. मांस शिजवलेलं आळणी पाणी फेकून न देता भाकरीवर ओतलं की ते कुत्र्याच्याच पोटात जातं. कच्च्या मांसातली पाचकद्रव्यं पचनाला मदत करतात, हा दावाही टिकत नाही. कुत्र्याचं स्वादुपिंड स्वतःची पाचकद्रव्यं भरपूर करतं, आणि मांसातली द्रव्यं जठरातल्या आम्लातच मोडून जातात. अंड्याच्या बाबतीत तर शिजवण्याचाच फायदा आहे: कच्च्या पांढऱ्यात अ‍ॅविडिन असतं, ते बायोटिन या जीवनसत्त्वाला धरून ठेवतं, आणि शिजवलं की त्याची पकड सुटते.

मग निदान जास्तीत जास्त मांस तरी वेग वाढवतं का? कारवानसारख्या कुत्र्याला जवळचं उदाहरण ग्रेहाउंडचं. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात रिचर्ड हिल यांनी शर्यतीच्या ग्रेहाउंडांवर केलेला प्रयोग 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. आहारातल्या ऊर्जेपैकी 24 टक्के प्रथिनातून आली तेव्हा कुत्रे जितके पळाले, त्यापेक्षा ती 37 टक्के केल्यावर आणि पिष्ट कमी केल्यावर ते किंचित हळू पळाले. प्रयोग लहान होता आणि फरकही थोडा, पण दिशा ध्यानात घेण्याजोगी आहे. बर्फावर दिवसभर गाडी ओढणारे अलास्काचे कुत्रे चरबीवर चालतात, त्यांना मांस आणि चरबी भरपूर लागते. अर्ध्या मिनिटात सगळं संपवणारा कुत्रा मात्र स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनवर पळतो, आणि तो साठा भरायला पिष्ट कामाला येतं. कारवान या दुसऱ्या प्रकारचा पळणारा आहे. भाकरी त्याच्या वेगाची वैरी नाही.

नुसत्या मांसाचा आणखी एक धोका पिल्लाच्या बाबतीत फार क्रूर ठरतो. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. दोन्हींचं प्रमाण साधारण एकास पंधरा-वीस असं व्यस्त. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसाइतकं किंवा थोडं जास्तच लागतं. आहारातून ते मिळालं नाही की शरीर हाडांतून काढून घेतं, आणि चांगल्या खुराकावर असल्यासारखं दिसणारं पिल्लू लंगडू लागतं, पाय वाकतात, उडी मारताना हाड मोडतं. कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते म्हणतात, म्हणूनच हाडांसकट घाला. हाडातून कॅल्शियम मिळतं आणि चघळल्यानं दातांवरचा थर कमी होतो, हे दोन्ही खरं आहे. पण किती मिळतं यावर ताबा राहत नाही, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांत जादा कॅल्शियमही हाडांची वाढ बिघडवतं. नेदरलँडमधल्या उट्रेख्टला ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या अभ्यासांनी ते दाखवून दिलं आहे. शिवाय नळीचं जाड हाड दात फोडतं आणि तुकडा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेवाचून सुटका नसते. शिजवलेलं हाड तर ठिसूळ होऊन सुईसारखं फुटतं, ते कधीच घालू नये. त्यापेक्षा अंड्याच्या टरफलाची पूड बरी. एक ग्रॅम पुडीत साधारण 380 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि ती मोजून घालता येते.

आता मूळ प्रश्न, कच्चेपणाच्या किमतीचा. ‘मटणाच्या दुकानामागची कुत्री रोज कच्चं खातात, त्यांना कुठं काय होतं?’ हा कोल्हापुरात हमखास ऐकू येणारा आक्षेप. जी मेली ती दुकानामागे दिसत नाहीत, हे एक उत्तर झालं. पण खरं उत्तर वेगळं आहे: त्यांना काही होत नाही, हीच तर अडचण आहे. कुत्र्याच्या जठरातलं आम्ल तीव्र, आतडं आखूड. पुष्कळ जंतू त्याला आजारी न करता त्याच्यातून पार होतात आणि विष्ठेतून, जिभेतून, भांड्यातून घरात येतात. कॅनडातल्या एका छोट्या अभ्यासात, 2002 मध्ये, कच्च्या आहाराच्या 80 टक्के नमुन्यांत आणि तो खाणाऱ्या कुत्र्यांच्या 30 टक्के विष्ठेत साल्मोनेला सापडला. 2018 मध्ये नेदरलँडमधल्या संशोधकांनी बाजारात गोठवून विकले जाणारे 35 कच्चे आहार तपासले. 80 टक्के नमुन्यांत नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारे ई. कोलाय, 54 टक्क्यांत लिस्टेरिया, 20 टक्क्यांत साल्मोनेला निघाला. हे सगळे नमुने गोठवलेले होते, म्हणजे ‘फ्रीजरमध्ये ठेवलं की जंतू मरतात’ हा भरवसाही त्यातच गळून पडतो. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने 2012 मध्ये कच्चा मांसाहार घालू नये अशी भूमिका घेतली, ती अशाच पुराव्यांवर.

जंतूंमुळे होणारा जुलाब-ताप निदान लगेच कळतो. आपल्या मुलखात त्याहून गंभीर गोष्ट काळजात दडलेली असते. मेंढ्या, बकऱ्या, म्हशी कापताना काळजावर किंवा फुप्फुसावर कधी पांढुरकी, पाण्यानं भरलेली गाठ दिसते. खाटीक ती कापून बाजूला टाकतो, आणि बाजूला टाकलेलं कुत्र्याच्या तोंडी जातं. ती हायडॅटिडची गाठ. तिच्यात एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या फीतकृमीची असंख्य डोकी असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे काही मिलिमीटर लांबीचे कृमी होतात, एका कुत्र्यात हजारोंनी, आणि कुत्रा खातापिता, पळता, तेजदार राहतो. सहा-सात आठवड्यांनी त्याच्या विष्ठेतून डोळ्यांना न दिसणारी अंडी पडू लागतात. ती त्याच्या केसांना चिकटतात, अंगणातल्या मातीत, परड्यातल्या मेथी-कोथिंबिरीवर, चाऱ्यावर जातात. मेंढीनं ती खाल्ली तर तिच्या काळजात गाठ होते आणि चक्र पुरं होतं. कुत्र्याच्या गळ्यात हात टाकून खेळणाऱ्या पोरानं तोच हात तोंडात घातला तर गाठ त्या पोराच्या यकृतात किंवा फुप्फुसात होते. ती इतकी सावकाश वाढते की त्रास सुरू व्हायला कित्येक वर्षं जातात. तोवर तो कुत्रा मरून गेलेला असतो आणि त्याच्या खुराकाशी या आजाराचं नातं कोणाच्या ध्यानातही येत नाही. गाठ फुटली तर जिवावर बेततं, आणि काढायची तर मोठी शस्त्रक्रिया किंवा महिनोन् महिने औषध.

मेंढरं, कुत्री आणि मटणाची आवड, ही तिन्ही जिथे एकत्र आली तिथे हा रोग राहिला आहे. एकोणिसाव्या शतकात आइसलँड त्यानं पोखरलेलं होतं. डॅनिश पशुवैद्य हाराल्ड क्राबे 1863 मध्ये तिथे गेला, कुत्र्यांची आतडी तपासली आणि चारांतल्या एकाहून अधिक कुत्र्यांत हे कृमी आढळले. मग साध्या भाषेतली पुस्तिका घराघरांत वाटली गेली, पुढे गाठी असलेले अवयव पुरण्याचे आणि कुत्र्यांना जंताचं औषध देण्याचे कायदे झाले, आणि काही पिढ्यांत तो देश मोकळा झाला. न्यूझीलंडला जास्त वेळ लागला. 1959 च्या कायद्याने सक्ती आल्यावर काम पुढे सरकलं आणि 2002 मध्ये देश तात्पुरता हायडॅटिडमुक्त जाहीर झाला. दोन्हीकडे अवघड औषधं किंवा महागडी यंत्रं नव्हती. कुत्र्याच्या तोंडी कच्चं काळीज-फुप्फुस जाऊ द्यायचं नाही, मुख्यतः एवढ्यावर सगळी इमारत उभी राहिली. अवयव अर्धा तास उकळले किंवा उणे दहा अंशांखाली दहा दिवस गोठवले की या गाठी मरतात. पण गोठवण्यानं जंतू मरत नाहीत हे वर आलंच, आणि घरचा फ्रीज दिवसातून दोनदा वीज गेल्यावर किती थंड राहतो, हा वेगळा प्रश्न. ‘आम्ही जंताचं औषध देतो’ म्हणणाऱ्यांनी त्या गोळीत प्राझिक्वांटेल आहे की नाही, हे पाहावं. गोल जंतांवरची पुष्कळ औषधं या कृमीला हातही लावत नाहीत. आणि औषध असलं, तरी कच्चं चालूच राहिलं तर सहा आठवड्यांत पुन्हा तीच स्थिती.

मग पळणाऱ्या कारवानला घालायचं काय? पंचवीस किलोच्या, रोज पळणाऱ्या जाणत्या कुत्र्याला दिवसाला साधारण 1450 कॅलरी लागतात. त्या नुसत्या मटणातून द्यायच्या तर रोज किलोभर तरी लागेल, आणि मटणाच्या दरावरून 2019 मध्ये आंदोलन झालेल्या गावात ते किती जणांना झेपेल? न परवडणारा खुराक हळूहळू दुकानातल्या फुकटच्या छाटणीवर येतो, म्हणजे पुन्हा त्याच गाठींच्या काळजावर. त्याऐवजी 200 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या तीन-चार भाकरी, 400 ग्रॅम मटण किंवा कोंबडी शिजवून, दोन उकडलेली अंडी आणि चमचाभर तेल, एवढ्यात हिशोब जवळपास जुळतो, आणि प्रथिनाचा वाटा ऊर्जेच्या तिसाएक टक्क्यांवर राहतो. टरफलाची पूड छोटा चमचाभर. दूध पचत असेल तर त्यातलं कॅल्शियम धरून ती कमी करावी. काळीज पौष्टिक, पण त्यात अ जीवनसत्त्व इतकं की रोज वाटीभर घातलं तर अपायच; आठवड्यातून एक-दोनदा मूठभर, आणि शिजवूनच. जस्त, आयोडीन, ई जीवनसत्त्व यांची उणीव घरच्या आहारात राहतेच, ती पशुवैद्याला विचारून भरावी. तांबडा-पांढरा रस्सा उरला म्हणून कुत्र्याला ओतू नये, कांदा-लसूण त्याच्या रक्तपेशी फोडतो. तासगावचा बेदाणाही बक्षीस म्हणून नको, त्यानं काही कुत्र्यांचं मूत्रपिंड बंद पडतं. खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून जठर पिळलं जाण्याचा धोका असतो, आणि एकाच वेळी भरपेट, घाईघाईनं खाण्यानं तो वाढतो. म्हणून दोन वेळा विभागून घालावं, पळण्याआधी आणि पळून आल्यावर लगेच नाही. कारवानच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हा त्याचा स्वाभाविक बांधा आहे; त्या झाकण्यासाठी वाढवलेला खुराक स्नायूत न जाता चरबीत जातो. आणि दुकानातून आणलेली काळीज-फुप्फुसाची पिशवी घरात आली की आधी कुकरमध्ये, शिट्ट्या झाल्यावरही पुरता अर्धा तास, मगच थाळीत. पिशवी उघडणाऱ्यानं हात साबणानं धुऊनच पोराला उचलावं.